सवाई गुजराती : काकासाहेब कालेलकर

गुजरातीत एखादा शब्द ऱ्हस्व लिहायचा की दीर्घ, अशी शंका आली की आजही लोक गुजरात विद्यापीठाचा जोडणीकोश उघडतात. जोडणी म्हणजे आपल्या मराठीतले शुद्धलेखन. हा कोश पहिल्यांदा १९२९ साली निघाला आणि गांधीजींनी ज्यांच्यावर ते काम सोपवले, त्यांत महादेवभाई देसाई आणि नरहरीभाई परीख यांच्याबरोबर एक नाव होते दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर. साताऱ्याला जन्मलेला, बेळगावकडे वाढलेला, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेला हा मराठी माणूस. गुजराती माणसाने आपली भाषा कशी लिहावी हे ठरवण्यात त्याचा हात असावा, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. आपल्या बडोद्यातल्या पुष्कळ घरांत मुले गुजराती शाळेत काकासाहेबांचे धडे वाचून मोठी झाली. पण ते आडनाव आपल्यापैकीच आहे हे कितीजणांच्या लक्षात आले असेल, कोण जाणे.

काकासाहेबांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्यात झाला. घराण्याचे मूळ गाव सावंतवाडीजवळचे कालेली, त्यावरून कालेलकर. म्हणजे आडनाव कोकणातले, जन्म देशावरचा आणि बालपण त्याहूनही वेगळीकडचे. वडील बाळकृष्णपंत सरकारी हिशेबाच्या खात्यात होते. बदल्या होत, शिवाय दक्षिणेतल्या लहान लहान संस्थानांचे हिशेब तपासायलाही जावे लागे. मुले बरोबर असत. ज्यांनी बँकेची नोकरी केली आहे त्यांना हे चित्र सांगावे लागणार नाही. दर दोन-तीन वर्षांनी सामान बांधायचे, मुलांचे शाळेचे दाखले काढायचे, नव्या गावात दूधवाला शोधायचा. मात्र आपल्या वेळी रेल्वे होती, निदान एसटी तरी होती. कालेलकरांचा बराचसा प्रवास बैलगाडीने झाला. दत्तू घरातले शेंडेफळ. कारवार, धारवाड, बेळगाव अशी गावे बघत तो वाढला. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी, यात त्याला लहानपणापासून काही विशेष वाटले नसावे. बेळगावकडच्या आपल्या मंडळींना हा अनुभव आजही रोजचा आहे.

या बालपणाची दोन ठिकाणे त्यांच्या लेखनात कायम राहिली, आणि दोन्ही नद्या आहेत. एक साताऱ्याची कृष्णा. माहुलीला वेण्णा तिला मिळते, तो संगम त्यांनी लहान वयात पाहिला आणि कृष्णा ही त्यांच्या मनात आईच्या जागी बसली. दुसरी मार्कंडी. बेळगावजवळ बेळगुंदी नावाचे खेडे आहे, तिथून ही लहानशी नदी वाहते. नकाशात चटकन सापडणार नाही अशी. काकासाहेबांनी तिला मैत्रीण मानले आणि तिच्यावर लेख लिहिला तोही सखी म्हणूनच. गंगा, यमुना, सिंधू, ब्रह्मपुत्रा अशा महानद्यांच्या पंगतीला त्यांनी या ओढ्याएवढ्या नदीला मानाने पाट मांडून दिला. मार्कंडी पुढे गोकाकजवळ घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला. सखीचे पाणी अखेर आईकडेच जाते. ते लेख त्यांनी गुजरातीत लिहिले, ही यातली गंमत.

फर्ग्युसनमधून १९०७ साली त्यांनी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केले. तो काळ लोकमान्यांचा. पुण्यातला तरुण स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण याशिवाय दुसरे बोलत नव्हता. कायद्याच्या अभ्यासाला सुरुवात झाली, पण वकिलीत मन रमण्यासारखे नव्हते. बेळगावच्या गणेश विद्यालयात त्यांनी मुख्याध्यापकी केली. मुंबईला ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकातही काही काळ काढला. त्यांचे पहिले लेखन मराठीतच होते. स्वामी रामतीर्थांवरचे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले. म्हणजे मराठी लेखक म्हणून सुरुवात व्यवस्थित झाली होती. तशीच गाडी पुढे चालली असती तर आज त्यांचे नाव मराठी निबंधकारांच्या यादीत असते आणि आपण हा लेख लिहायची गरजच नव्हती.

बडोद्याने ती गाडी वळवली.

बॅरिस्टर केशवराव देशपांडे हे बडोदे संस्थानातले अधिकारी, अरविंद घोष यांचे स्नेही. त्यांनी गंगनाथ विद्यालय नावाची राष्ट्रीय शाळा काढली होती. १९१० च्या सुमारास कालेलकर तिथे शिकवायला आले. या शाळेत एक रीत होती. शिक्षकांना सर किंवा मास्तर म्हणायचे नाही, घरातल्या नात्याने हाक मारायची. कोणी अण्णा, कोणी मामा, कोणी काका. दत्तात्रेय कालेलकर काका झाले. विठ्ठल लक्ष्मण फडके मामा झाले, आणि पुढे गोध्र्याला हरिजन सेवेत आयुष्य घालवून मामासाहेब फडके म्हणूनच गेले. गुजरातभर ज्यांना लोक काकासाहेब म्हणत, त्यांना हे नाव बडोद्यातल्या एका मराठी वळणाच्या शाळेने दिले होते. आता गुजरातीतही काका म्हणजे काकाच. त्यामुळे नाते लावायला कोणालाच अडचण पडली नाही. आपल्या दोन भाषांत नात्यांचे शब्द किती सारखे आहेत याकडे आपण सहसा लक्ष देत नाही. काका, मामा, मामी, मासी-मावशी. परप्रांतात माणूस रुळतो तो आधी या शब्दांच्या आधाराने, व्याकरण नंतर येते.

शाळा फार दिवस टिकली नाही. राष्ट्रीय शाळांवर इंग्रज सरकारची नजर होती, संस्थानावर दाब आला आणि विद्यालय बंद झाले. कालेलकर तेव्हा पंचविशी ओलांडलेले, लग्न झालेले. १९१२ साली ते हिमालयात निघून गेले. स्वामी आनंद बरोबर होते. मैलोन् मैल पायी भटकंती झाली. गंगोत्री, जम्नोत्री, केदार, बदरी, पुढे नेपाळ. या यात्रेवर नंतर जे पुस्तक झाले ते गुजराती प्रवासवर्णनातले मानाचे पुस्तक आहे, आणि मराठी-हिंदी वाचकांनीही ते भक्तीने वाचले आहे. मला मात्र ते वाचताना मागे राहिलेल्या घराची आठवण होते. पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या वर्षांत काय सोसले असेल ते पुस्तकात नाही. मोठ्या माणसांच्या चरित्रात ही बाजू नेहमी एका ओळीत संपते. पुढे त्या आश्रमात आल्या, तिथली कडक शिस्त त्यांनी स्वीकारली, आणि १९२९ साली वारल्या. देशासाठी घर सोडणाऱ्यांचा हिशेब मांडताना खर्चाच्या बाजूला घरच्यांची नावेही घालावीत, असे माझे मत आहे.

हिमालयातून परत आल्यावर काकासाहेब शांतिनिकेतनात पोचले. रवींद्रनाथांच्या शाळेचा प्रयोग जवळून बघायचा होता. योगायोग असा की त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्स आश्रमाची मंडळी तिथे उतरली होती आणि १९१५ च्या फेब्रुवारीत गांधीजी त्यांना भेटायला आले. पुण्याला गोखल्यांचे निधन झाल्याची बातमी आल्यामुळे गांधीजी तडक तिकडे गेले आणि मार्चमध्ये परतले. मग त्यांनी मुलांना व शिक्षकांना स्वतः स्वयंपाक करायला लावले, नोकरांना सुट्टी दिली. काकासाहेब या उद्योगात उत्साहाने पडले. टिळकांच्या तालमीत तयार झालेला, एके काळी क्रांतिकारकांकडे ओढला गेलेला हा तरुण, भाजी चिरता चिरता गांधीजींशी वाद घालत होता. वाद संपला तेव्हा तो त्यांचा झालेला होता. गांधीजींनी त्याला रवींद्रनाथांकडून जणू मागूनच घेतले.

अहमदाबादच्या आश्रमात तेव्हा मराठी माणसांची काही वाण नव्हती. भजने शिकवायला पंडित नारायण मोरेश्वर खरे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. मामा फडके होतेच. आणि आपल्या बडोद्यात शिकून, परीक्षा अर्धवट सोडून आलेले विनायक नरहर भावे, म्हणजे विनोबा. विनोबांचे बालपण कोकणात आणि विद्यार्थिदशा बडोद्यात गेली. गुजराती त्यांना चांगली येत होती. तरी त्यांच्या हातून जे मोठे लेखन झाले, गीताई, गीतेवरची प्रवचने, ते मराठीत झाले. काकासाहेबांचे उलटे. ते आले तेव्हा गुजराती त्यांच्यासाठी शिकायची भाषा होती आणि पुढे तीच त्यांची लिहायची भाषा झाली. एकाच आश्रमातले, एकाच गुरूचे हे दोघे. भाषेच्या बाबतीत दोघांच्या दोन वाटा झाल्या आणि दोन्ही वाटा कोणी चुकीच्या म्हटल्या नाहीत. आपल्यापैकी काहींची मुले घरी आवर्जून मराठी बोलतात, काहींची गुजरातीत विचार करतात, आणि त्यावरून आपण एकमेकांचे मूल्यमापन करत बसतो, म्हणून हे सांगितले.

गुजरातीत लिहायला सुरुवात कशी झाली? आश्रमातल्या शाळेत मुले होती, त्यांना हिमालयाच्या गोष्टी ऐकायच्या होत्या. मुलांच्या हस्तलिखित मासिकासाठी मास्तरांनी काही तरी द्यावे असा आग्रह झाला. मुले गुजराती, मग गोष्टीही गुजरातीत. इतके साधे कारण. परभाषेत साहित्य निर्माण करण्याची प्रतिज्ञा वगैरे काही नव्हती. समोर बसलेल्या मुलांना कळावे एवढाच हेतू होता. त्यातून ‘हिमालयनो प्रवास’ झाले आणि १९२४ मध्ये पुस्तक म्हणून निघाले.

दरम्यान १९२० साली गुजरात विद्यापीठ स्थापन झाले होते आणि काकासाहेब तिथे होतेच. १९२२ मध्ये गांधीजींना शिक्षा झाल्यावर ‘नवजीवन’चा भार काकासाहेबांवरही आला, आणि त्यातल्या लेखनाबद्दल १९२३ साली त्यांना साबरमतीच्या तुरुंगात जावे लागले. तिथे त्यांनी काय केले तर मुंग्या बघितल्या. खारी, कावळे, मांजर, झाडे, आकाशाचा तुकडा. ‘ओतराती दीवालो’ म्हणजे उत्तरेकडच्या भिंती, हे त्या तुरुंगवासावरचे छोटे पुस्तक. त्यात ना सरकारवर आग पाखडली आहे ना स्वतःच्या त्यागाचे कौतुक केले आहे. कोठडीच्या भिंतीवरून मुंग्यांची रांग कुठे चालली आहे, हा त्यातला मोठा प्रश्न. ज्यांना गुजराती वाचता येते त्यांनी काकासाहेबांची सुरुवात या पुस्तकापासून करावी. पाने थोडी आहेत आणि भाषा सोपी आहे.

गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले, ते याच लेखनामुळे. सवाई म्हणजे सव्वापट. माझ्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी घोकली आहे, त्यांना सवाईचा अर्थ फोड करून सांगायला नको. एकावर पाव. आधीचा एक तसाच राहतो. त्यातून काही वजा होत नाही, बदलून दुसरे काही येत नाही, वर पाव चढतो. काकासाहेबांना मिळालेला हा किताब लोक कौतुकाने सांगतात, पण त्यातले गणित बारकाईने कोणी पाहत नाही. जन्माने गुजराती असलेल्यापेक्षा ते पाव जास्त, आणि तो पाव बहुधा साताऱ्याचा, मार्कंडीचा आणि फर्ग्युसनचा होता. त्यांच्या गुजरातीत संस्कृत शब्द मोकळेपणाने येतात, वाक्यांना मराठी निबंधाची ऐट आहे, विनोद पुणेरी आहे पण बोचरा नाही. हे सगळे गुजराती गद्याला नवे होते आणि वाचकांना ते आवडले. उमाशंकर जोशींसारखा पुढे मोठा झालेला कवी विद्यार्थी असताना विद्यापीठात त्यांच्या सहवासात होता.

आता जोडणीकोशाकडे परत येतो, कारण हिशेबी माणसाला या कोशाचे फार आकर्षण आहे. त्या वेळी गुजराती लिहिण्यात एकवाक्यता नव्हती. एकच शब्द दोन वर्तमानपत्रांत दोन तऱ्हेने छापला जाई, आणि एकाच पत्रात दोन पानांवरही. गांधीजींना या गोंधळाची चीड होती. भाषेची अशी हेळसांड करणारा समाज त्यांना मागासलेला वाटे. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, हकार या सगळ्यांचे नियम करायचे, आणि शब्दनि शब्द तपासून यादी करायची, असे हे काम. कंटाळवाणे, किचकट, आणि ज्यात शंभर शत्रू व्हावेत असे. काकासाहेबांनी व सहकाऱ्यांनी ते तडीस नेले. १९२९ ची पहिली आवृत्ती नुसत्या शब्दांची होती, पुढच्या आवृत्तीत अर्थ आले. यानंतर कोणाला मनास येईल तशी जोडणी करण्याचा अधिकार नाही, असे गांधीजींनी जाहीर करून टाकले, आणि बहुतेक गुजरातने ते मानले.

यातली एक मजा आपल्यासारख्या दोन भाषांत राहणाऱ्यांनाच कळेल. मराठीत आपण ‘लिंबू’ लिहितो, लि ऱ्हस्व आणि बू दीर्घ. गुजरातीत हाच शब्द ‘लींबु’ असा लिहितात, ली दीर्घ आणि बु ऱ्हस्व. बरोबर उलटे. मराठीच्या नियमाने शेवटचा उकार दीर्घ, गुजरातीच्या नियमाने ऱ्हस्व. आमच्या घरांतली मुले दोन्ही शाळांच्या वह्यांत हा शब्द चुकतात आणि दोन्हीकडे लाल शाई खातात. लहानपणी मराठी नियम घोकलेल्या माणसाने गुजरातीचा हा नियम गुजरातीचाच ठेवला, मराठीच्या साच्यात तिला ओतले नाही, यातच त्यांची खरी पारख दिसते.

१९२८ ते १९३५ या काळात काकासाहेब विद्यापीठाचे कुलनायक होते. ही वर्षे शांतपणे शिकवण्याची नव्हतीच. १९३० ला मिठाचा सत्याग्रह झाला. दांडीला गेलेल्या तुकडीत त्यांचा मुलगा बाळ होता. स्वतः काकासाहेब पकडले गेले आणि त्या वर्षी काही महिने येरवड्यात गांधीजींच्या सोबतीला राहिले. पुढच्या तुरुंगवासात ते बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात होते. लहानपणी ज्या परिसरात बागडले, तिथेच कैदी म्हणून आले. तिथल्या मुक्कामातून ‘हिंडलग्याचा प्रसाद’ हे पुस्तक झाले, आणि ते मराठीत आहे. याचे कारण मला ठाऊक नाही असे म्हणण्यापेक्षा, कारण शोधण्याची गरज नाही असे म्हणेन. बेळगावची हवा लागली आणि मराठी वर आली. बारा वर्षांनी माहेरी गेलेल्या बाईची बोली जशी दोन दिवसांत परत येते तसे.

गुजरातमधला शेवट मात्र गोड झाला नाही. विद्यापीठावर सरकारने बंदी घातली होती, साबरमतीचा आश्रम गांधीजींनी स्वतःच विसर्जित केला. विद्यापीठाचे ग्रंथालय अहमदाबादच्या नगरपालिकेकडे सोपवले गेले. हा निर्णय तुरुंगात असलेल्या सरदार पटेलांना रुचला नाही आणि काकासाहेबांशी त्यांचे बिनसले. थोड्याच काळात काकासाहेबांनी गुजरात सोडले व वर्ध्याला गेले. हा वाद दोन मोठ्या माणसांतला होता, त्याला प्रांताचा रंग देणे बरोबर नाही. पण आयुष्याची वीस वर्षे एखाद्या प्रदेशाला दिल्यावर तिथून निघताना माणसाला काय वाटत असेल, हे बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद इथे पिढ्या काढलेल्या आपल्या लोकांनी ओळखावे. आपल्याला कोणी हाकलत नाही. तरी एखाद्या सभेत, एखाद्या निवडणुकीत, ‘तुम्ही तर दक्षिणी’ असा सहज उच्चारलेला शब्द कानावर येतो. गुजरातेत मराठी माणसाला पूर्वीपासून दक्षिणीच म्हणतात. त्यात शिवी नसते, पण आठवण करून देणे असते.

वर्धा म्हणजे मराठी मुलूख. आता तरी काकासाहेब मराठीकडे वळतील असे कोणाला वाटले असेल तर तसे झाले नाही. तिथे त्यांनी हिंदी-हिंदुस्तानीचे काम अंगावर घेतले. गावोगाव फिरून राष्ट्रभाषेचा प्रचार केला. १९४२ साली हिंदुस्तानी प्रचार सभा निघाली, तिच्यातही ते होते. नागरी लिपी सुधारण्याचा नादही त्यांना होता. सगळे स्वर ‘अ’लाच काना, मात्रा, वेलांटी लावून लिहायचे, म्हणजे खिळे कमी लागतील, टंकयंत्र सोपे होईल, असा तो विचार. त्या काळची वर्ध्याची पुस्तके ज्यांच्याकडे असतील त्यांना अि, अु असे विचित्र दिसणारे स्वर आढळतील. ही सुधारणा लोकांनी स्वीकारली नाही. माझ्या मते बरेच झाले, डोळ्यांना ती कधीच रुचली नसती. हिंदुस्तानीचेही फार काही चालले नाही. फाळणीनंतर दोन्ही लिप्यांचा आग्रह ऐकायला कोणी उरले नव्हते. काकासाहेबांची ही वर्षे कष्टाची होती, पण फळाला आलेली म्हणता येणार नाहीत.

गोव्याच्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. रवींद्र केळेकर तरुणपणी वर्ध्याला आणि नंतर दिल्लीला काकासाहेबांजवळ राहिले. गुजराती, हिंदी, मराठी सगळे त्यांना येत होते. पण गुरूप्रमाणे दुसऱ्या प्रांताच्या भाषेला वाहून न घेता ते आपल्या कोंकणीकडे गेले, आणि पुढे कोंकणीला पहिले ज्ञानपीठ त्यांच्यामुळे मिळाले. गोव्यात मराठी-कोंकणीचा वाद किती कडवट झाला होता हे आपण जाणतो, त्यात मला शिरायचे नाही. एका सवाई गुजरात्याच्या हाताखाली एक पक्का कोंकणी लेखक तयार झाला, एवढेच नोंदवतो.

स्वातंत्र्यानंतर काकासाहेब दिल्लीला स्थायिक झाले. १९५२ ते १९६४ ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते. १९५३ मध्ये राष्ट्रपतींनी नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे ते अध्यक्ष होते. आयोगाने देश पालथा घातला, २३९९ जाती-समूहांची यादी केली आणि १९५५ मध्ये अहवाल दिला. अहवालासोबतच्या पत्रात मात्र अध्यक्षांनीच मागासलेपण जातीवरून ठरवण्याबद्दल आपली असहमती कळवली. सरकारने अहवाल बाजूला ठेवला. जन्माने मिळालेली ओळख माणसाला चिकटू नये, ही काकासाहेबांची तळमळ खरी होती. आयुष्यभर ते जन्माच्या चौकटीबाहेर राहिले होते. पण ते बाहेर राहू शकले याला शिक्षण, संस्कार आणि वरच्या जातीचा जन्म यांचा आधार होता. तो ज्यांना नव्हता त्यांना पुढच्या आयोगासाठी १९७९ पर्यंत थांबावे लागले. त्यांच्या चाहत्यांनीही हे विसरू नये.

लेखन चालूच होते. पूर्व आफ्रिका, जपान इथले प्रवास, नद्यांवरचे लेख, आकाशातल्या ताऱ्यांवरचे लेख. रात्री आकाश बघणे हा त्यांचा जुना छंद होता आणि आश्रमातल्या कित्येकांना त्यांनी तारे ओळखायला शिकवले. १९५९ साली गुजराती साहित्य परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९६४ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘जीवनव्यवस्था’ या निबंधसंग्रहाला मिळाला, तोही गुजराती भाषेसाठीचा.

आपल्या बँकेच्या फॉर्मात कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता असे दोन रकाने असतात. नोकरीत असताना मी हजारो फॉर्म तपासले. बडोद्यातल्या मराठी खातेदारांपैकी जुनी मंडळी कायमच्या पत्त्यात अजून कोकणातले किंवा वाईकडचे गाव लिहीत. तिथे कोणी राहत नसे, घर पडलेले असे, तरी गाव लिहीत. त्यांची मुले दोन्ही रकान्यांत बडोद्याचाच पत्ता लिहू लागली. काकासाहेबांनी काय लिहिले असते? कालेली, सातारा, बेळगुंदी, बडोदे, साबरमती, वर्धा, की राजघाटाजवळचे ते ‘सन्निधि’ नावाचे दिल्लीतले घर, जिथे ते अखेरपर्यंत राहिले? त्यांनी सगळ्यांवर लिहिले, आणि कुठल्याही एका गावासाठी बाकीच्यांना नावे ठेवली नाहीत.

२१ ऑगस्ट १९८१ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ९५ वर्षांचे होते. गुजरातेत त्यांच्यावर लेख आले, सभा झाल्या, आपल्या भाषेचा मोठा लेखक गेला म्हणून. महाराष्ट्रात गांधीजींचा एक सहकारी गेला अशी बातमी आली. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. त्यांची पुस्तके आजही गुजरातीत मिळतात, आणि ज्या घरांत आजीला मराठी वाचता येते व नातवाला गुजराती, तिथे मार्कंडीवरचा लेख नातवाने मोठ्याने वाचावा. आजीला बहुतेक सगळा कळेल.